दुचाकीस्वाराचें पायताण

‘शिर सलामत तर पगड्या पचास’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे, आणि दुचाकी वाहनांच्या बाबतींत सरकारानें ती मनावर घेतली हें योग्यच झालें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम स्वारास व त्याच्या मागें बसणाऱ्यास शिरस्त्राण घालावयास सांगतें. तें शिरस्त्राण कसें असावें याविषयींहि भारतीय मानक ठरलेलें आहे. पायांत काय घालावें याबद्दल मात्र हा कायदा कांहीं बोलत नाहीं, आणि जेथें कायदा बोलत नाहीं तेथें आपण सहसा विचारहि करीत नाहीं. सकाळीं दहाच्या सुमारास पुण्याच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या चौकांत उभें राहून पाहावें. डोकीवर चांगलें शिरस्त्राण, हातांत मोजे, अंगांत जाड जाकीट, आणि पायांत रबरी सपाता, असा थाट वारंवार दृष्टीस पडतो. आजच्या भाषणांत या उपेक्षित पायांची बाजू मांडावयाचें मीं योजिलें आहे.

केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं सुमारें ४४.५ टक्के दुचाकीवरचीं होतीं. हा हिशेब मरणाचा झाला. जे वांचले, पण ज्यांचा घोटा पुन्हां पूर्ववत् वळला नाहीं, त्यांची गणना या आंकड्यांत नाहीं. पायाच्या दुखापतीनें माणूस क्वचितच दगावतो. म्हणूनच तिचें भय वाटत नाहीं. परंतु दिवसभर फळ्यापुढें उभा राहणारा शिक्षक, जिने चढउतार करणारा विक्रेता, ओट्यापाशीं उभी असणारी गृहिणी, यांचें सारें जीवित दोन पावलांवर तोललेलें असतें. एक पाऊल अधू झालें कीं घराचा सगळाच क्रम बिघडतो.

आपल्या एका पावलांत २६ हाडें असतात. लहान लहान हाडांची ती एक कमान आहे, आणि शरीराचा सर्व भार ती मोठ्या कौशल्यानें पेलते. परंतु हा भार वरून खालीं येणारा असतो. तोच भार बाजूनें आला, तर ही रचना त्यासाठीं केलेली नाहीं. त्यांतून पावलावर मांसाचें आवरण थोडें, आणि घोट्याचे दोन्ही उंचवटे तर केवळ कातडीनें झांकलेले. दुचाकीवरून पडतांना याच जागीं आघात होतो.

“आम्ही शहरांतच फिरतों, आमचा वेग तो काय!” असें पुष्कळजण म्हणतात. त्यांनीं एक साधा हिशेब करून पाहावा. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें ११ मीटर. सुमारें सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून, सोडलेला दगड ज्या वेगानें जमिनीवर आदळतो तो हाच वेग. आणि वेग मुळींच नसला तरी वजन आहेच. शंभर-सव्वाशें सी. सी. ची साधी मोटारसायकल ११० ते १२५ किलोंची असते, ३५० सी. सी. ची गाडी दोनशें किलोंच्या घरांत जाते. सिग्नलपाशीं उभी असलेली गाडी वाळूवर किंवा ओल्या पट्ट्यावर कलली, तरी स्वार स्वभावतःच पाय पुढें करून ती सांवरूं पाहतो, आणि तोच पाय गाडीखालीं सांपडतो.

पायावर येणारीं संकटें मुख्यतः चार प्रकारचीं आहेत. पहिलें, गाडी आणि रस्ता यांमध्यें पाऊल चिरडणें. दुसरें, रस्त्यावर घसरतांना कातडी घासली जाणें. तिसरें, पाय कोठें तरी अडकून घोटा पिळवटणें. चौथें संकट अपघातावांचूनहि येतें: तापलेल्या सायलेन्सरचा चटका, उडालेली खडी, आणि ओल्या रस्त्यावर टेकलेला पाय निसटणें. चांगला बूट म्हणजे या चारी संकटांस कांहीं ना कांहीं उत्तर देणारा बूट, एवढी व्याख्या आपणांस पुरे आहे.

आतां आपण रोज जें घालतों तें या कसोटीवर लावून पाहूं. कोल्हापुरी चप्पल ही आपल्या भूमीची गुणी वस्तु. २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण ती चालण्यासाठीं जन्मली आहे. गाडीवरून पडतांना ती पायांत राहत नाहीं. रबरी सपातांची गोष्ट तर बोलावयासच नको. कचेरींतला काळा बूट बोटें झांकतो हें खरें, पण त्याचा गुळगुळीत तळ पावसांत घसरतो, आणि घोटा उघडाच राहतो. खेळाचा बूट मऊ, हलका, जाळीदार. धांवणाऱ्यास जो गुण, तोच येथें अवगुण. कारण जाळी डांबराशीं घासली कीं क्षणांत फाटते, आणि मऊ तळ दोन्ही बाजूंनीं दाबल्यास सहज दुमडतो. कॅनव्हासचा बूटहि त्याच जातीचा.

मग शर्यतींतल्या स्वारांसारखे गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे बूट घालून कचेरींत जावें काय? संरक्षणाच्या दृष्टीनें त्यांची सर दुसऱ्या कशासहि येणार नाहीं. परंतु मे महिन्याच्या उन्हांत ते कोण घालील, आणि ते घालून सहा-सात तास खुर्चीवर कोण बसेल? पहिले आठ दिवस उत्साहानें घातले जातील, आणि मग ते माळ्यावर जाऊन पडतील. माळ्यावरचा उत्तम बूट पायांतल्या मध्यम बुटाइतकाहि उपयोगी नाहीं. आजच्या विषयाचें मर्म मला येथेंच दिसतें. शहरांत रोज जा-ये करणाऱ्यानें सर्वांत मजबूत बूट शोधूं नये. रोज, प्रत्येक फेरीला, कंटाळा न करितां घालतां येईल अशा बुटांतील सर्वांत मजबूत तो शोधावा.

अशा मध्यममार्गी बुटांचा एक वर्ग अलीकडे बाजारांत आला आहे. दिसावयास तो साध्या उंच बुटासारखा असतो. विजारीखालीं गेला कीं कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. आंतून मात्र घोट्याच्या दोन्ही अंगांस कठीण वाट्या किंवा धक्का शोषणाऱ्या गाद्या बसविलेल्या असतात, बोटें व टांच यांभोंवतीं कडक कवच असतें, आणि तळांत आडवी ताठ पट्टी घातलेली असते. असा बूट मिळाला नाहीं तरी निराश होण्याचें कारण नाहीं. ऑस्ट्रेलियांत अपघातांत सांपडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांची पाहणी करून २०११ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं मोटारसायकलसाठीं म्हणून न बनविलेला, पण उंच असा साधा बूट घालणाऱ्यांसहि, नेहमींचे बुटके जोडे घालणाऱ्यांच्या तुलनेनें, पाऊल व घोटा यांस इजा होण्याचा धोका सुमारें निम्म्याने कमी होता. पायाला घोट्यापर्यंत आच्छादन मिळालें, एवढ्यानेंच केवढा फरक पडतो पाहा.

दुकानांत गेल्यावर पारख कशी करावी, तें आतां क्रमानें सांगतों. दुकानांचीं वा कारखान्यांचीं नांवें येथें घेणें प्रशस्त नव्हे, आणि त्यांची जरूरहि नाहीं. आपले दोन हात पुरेसे आहेत.

पहिली परीक्षा उंचीची. बूट घालून बसावें आणि घोट्याचे दोन्ही उंचवटे पुरते झांकले जातात कीं नाहीं तें बोटानें चांचपावें. अर्धा घोटा बाहेर राहत असेल तर तो बूट दुसऱ्यासाठीं ठेवावा.

दुसरी परीक्षा धरून ठेवण्याची. बंद नीट बांधावे, आणि बरोबरच्या माणसास टांच धरून बूट ओढावयास सांगावें. तो जर पायांतून निघून आला, तर पडतांनाहि तसाच निघून जाईल, आणि त्यानंतर तो कितीहि भक्कम असला तरी व्यर्थ होय. झिप असलेल्या बुटास झिपेवरून येणारी पट्टी किंवा बंदहि असावेत. केवळ झिपेच्या भरंवशावर राहूं नये.

तिसरी परीक्षा ताठपणाची. बूट हातांत घेऊन जेथें पावलाची रुंदी सर्वांत अधिक असते तेथें तळाच्या दोन्ही कडा एकमेकींकडे दाबाव्या. तळ वहीच्या पुठ्ठ्याप्रमाणें दुमडला तर तो गाडीखालीं पायाचें रक्षण करणार नाहीं. नंतर ओला पंचा पिळतों तसा बूट पिळून पाहावा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. पुढें-मागें मात्र तो चवड्यापाशीं वांकला पाहिजे, नाहींतर चालणें दुष्कर होईल. बोटांवरचें व टांचेवरचें कवच अंगठ्यानें दाबून पाहावें. तें सहज आंत जातां कामा नये.

चौथी परीक्षा तळाची. तळ रबराचा, नक्षीदार आणि तेलकट जागीं न घसरणारा असावा. तो नुसता चिकटविलेला असण्यापेक्षां कडेनें शिवलेला असल्यास अधिक टिकतो, आणि झिजल्यावर मोची तो बदलूंहि शकतो. टांचेला थोडी पायरी असावी, म्हणजे पाय पायटेकूवर स्थिर बसतो. परंतु तळ फार जाड नको. गिअरचा व ब्रेकचा दांडा पायाला जाणवला पाहिजे; जाड तळांतून ब्रेक किती दाबला गेला हें कळत नाहीं, आणि घाईच्या वेळीं चूक होते.

पांचवी परीक्षा बंदांची. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बंदाचा लोंबता फास गिअरच्या दांड्यांत किंवा पायटेकूंत अडकला, तर थांबतांना पाय जमिनीपर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि गाडी स्वारासकट आडवी होते. म्हणून बंद आंखूड असावे, किंवा ते खोंचून ठेवण्यास जिभेवर पट्टी असावी. तशी सोय नसेल तर गांठ बाहेरच्या अंगास, गाडीपासून दूर येईल अशी बांधावी आणि टोंकें आंत खोंचावीं.

यांखेरीज एक छापील पुरावाहि पाहावा. युरोपांत मोटारसायकलस्वारांच्या पादत्राणांसाठीं ‘ई. एन. १३६३४’ या नांवाचें मानक आहे. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीप्रमाणें तपासलेल्या बुटाच्या आंत मोटारसायकलस्वाराचें लहानसें चित्र व चार अंक छापलेले असतात. पहिला अंक उंचीचा, दुसरा घासण्यास होणाऱ्या विरोधाचा, तिसरा कापलें जाण्यास होणाऱ्या विरोधाचा, आणि चौथा बाजूच्या दाबास होणाऱ्या विरोधाचा. प्रत्येक अंक १ किंवा २ असतो. २ म्हणजे अधिक चांगला. शहरी घाटाच्या बुटांत उंचीचा अंक बहुधा १ असतो. त्यानें बिचकूं नये. मात्र शेवटचे अंक पाहून घ्यावेत. पुढें ‘आय. पी. ए.’ हीं अक्षरें असतील तर घोट्याची गादीहि तपासलेली आहे असें समजावें, ‘डब्ल्यू. आर.’ हीं पाणी न शिरण्याचीं. केवळ खोक्यावर ‘रायडिंग’ असा शब्द छापलेला आहे, एवढ्यावरून बुटाची परीक्षा झाली असें मानूं नये.

ज्यांस एवढा खर्च झेपत नाहीं त्यांनीं काय करावें? कारखान्यांतील कामगारांसाठीं ‘आय. एस. १५२९८’ या भारतीय मानकाप्रमाणें बनविलेले बूट मिळतात. त्यांतील बोटांवरची टोपी २०० जूलचा आघात सोसते. म्हणजे वीस किलोंचें वजन सुमारें एक मीटर उंचीवरून पडलें तरी बोटें वांचतात. घोट्यापर्यंत येणारा असा बूट चपलेपेक्षां अनेक पटींनीं बरा. मात्र त्याच्या दोन मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. त्याचें नाक जाड असल्यानें तें गिअरच्या दांड्याखालीं जातें कीं नाहीं, हें आपल्या गाडीवर बसून पाहिलें पाहिजे. आणि घोट्याच्या बाजूस त्यांत बहुधा खास कवच नसतें. जाड चामड्याचा साधा उंच बूट हाहि असाच कामचलाऊ पण प्रामाणिक सोबती आहे.

माप घेण्यासंबंधीं दोन शब्द. दिवसभराच्या वावरानें पाऊल किंचित् फुगतें. म्हणून बूट सायंकाळीं घ्यावा, आणि रोजचे मोजे घालूनच घालून पाहावा. बोटांपुढें थोडी जागा असावी, टांच मात्र हलूं नये. शक्य असेल तर दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसून पाहावें. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायास व मागचा ब्रेक उजव्या पायास असतो. ज्या गाडींत चवड्यानें दांडा वर उचलावा लागतो, तींत डाव्या बुटाचें नाक वरून झिजतें. तेथें जादा चामड्याचा तुकडा लावलेला बूट घ्यावा, किंवा मोच्याकडून तो लावून घ्यावा.

आजच्या बहुतेक स्कूटरांना गिअरहि नाहीं आणि पायाचा ब्रेकहि नाहीं. म्हणून स्कूटर चालविणाऱ्यांस, विशेषतः स्त्रियांस, हा विषय आपला नव्हे असें वाटतें. वस्तुतः स्कूटरवर पाय सपाट फळीवर मोकळे ठेवलेले असतात. गर्दीत ते बाहेर काढून रस्त्याला घासत नेण्याचीहि अनेकांना संवय असते. उंच टांचेचे सँडल अशा वेळीं हमखास मुरगळतात. साडी किंवा सलवारीवर उंच बूट शोभत नाहीं अशी अडचण असेल, तर चांगली चप्पल पिशवींत न्यावी आणि कचेरींत पोहोंचल्यावर बदलावी.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्या प्रांतांत टाळतां येण्यासारखा नाहीं. पाणी न शिरूं देणाऱ्या अस्तराचे बूट मिळतात. परंतु मुंबईच्या मुसळधार पावसांत पाणी वरून, विजारीवरून ओघळून, आंत उतरतें, आणि मग तेंच अस्तर तें बाहेर जाऊं देत नाहीं. यासाठीं पावसाळी विजारीची कड बुटाच्या बाहेरून यावी, आंत खोंचूं नये. बुटावर चढवावयाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा तळ गुळगुळीत असेल तर त्या घेऊंच नयेत. बूट कोरडा राहील, पण चौकांत पाय निसटेल. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलींत वाळवावे. शेगडीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवल्यास चामडें तडकतें व तळाचा डिंक सुटतो. मोज्यांचा एक सुका जोड कचेरींत असावा.

बूट कायमचा नसतो, हेंहि सांगितलें पाहिजे. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेंत, न वापरतांहि, कांहीं वर्षांनीं भुसभुशीत होतो. जुना बूट बाहेर काढल्यावर तळ वांकवून पाहावा; चिरा दिसल्या तर मोह धरूं नये. ज्या बुटानें एकदां खरा अपघात सोसला, त्याचें आंतलें कवच फुटलें आहे कीं काय तें पाहिल्यावांचून तो पुन्हां घालूं नये.

शेवटीं एका व्यक्तीविषयीं बोलणें अवश्य आहे. ती म्हणजे मागें बसणारी. घरांतील कर्ता माणूस स्वतःसाठीं बूट आणतो, पण डबलसीट बसणाऱ्या पत्नीच्या पायांत पातळ चप्पल आणि मधल्या मुलाच्या पायांत कांहींच नाहीं, हें दृश्य नवें नाहीं. मागच्या चाकाच्या आऱ्यांत मुलाचें पाऊल जाऊन टांचेची कातडी सोलून निघणें, ही अस्थितज्ज्ञांच्या नित्य परिचयाची दुखापत आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम मागें बसणाऱ्यासाठीं धरावयाची मूठ, पायटेकू आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण असावें असें सांगतो. आपण ज्यास साडीगार्ड म्हणतों तें हेंच. तें शोभेसाठीं काढून टाकूं नये. ज्या मुलाचे पाय पायटेकूपर्यंत पोहोंचत नाहींत, त्यास मागें बसवूं नये. आणि पाय पोहोंचत असतील तर त्यासहि टांच झांकणारा, बांधलेला बूट घालावा. शाळेचा काळा बूट एवढ्यापुरता पुष्कळ झाला.

बुटाची किंमत, त्याचा घाट, त्याचा रंग यांविषयीं मतभेद असूं शकतील. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें निवड करावी. माझी विनंति एवढीच, कीं निवडलेला बूट दाराजवळ, किल्लीच्या खालीं ठेवावा, आणि किल्ली हातांत घेण्यापूर्वीं तो पायांत चढवावा. लांबच्या प्रवासाला आपण तयारीनें निघतों. कोथिंबिरीची जुडी आणावयास कोपऱ्यापर्यंत जातांना मात्र सपाता घालूनच गाडीला किक मारतों, आणि वाळू, खड्डा, अचानक आडवा येणारा कुत्रा हीं त्या कोपऱ्यावरहि असतातच. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.